चांदी घ्यायची, पण कोणत्या रूपात? सीमाभागातील खरेदीदारासाठी सविस्तर मार्गदर्शन

ऊसबिलाचा हप्ता खात्यावर जमा झाला, तंबाखूचे पैसे सुटले किंवा नोकरदाराला बोनस मिळाला, की बेळगाव, निपाणी, खानापूर, चिकोडीकडच्या घरांत सोन्याची चर्चा सुरू होते आणि सोन्याचा भाव ऐकल्यावर ती चांदीवर येऊन थांबते. चांदी घ्यावी की नाही, हा प्रश्न या लेखाच्या कक्षेत येत नाही. घ्यायचे ठरले आहे असे गृहीत धरून, पैंजण, ताट-वाटी, नाणे, वीट, ईटीएफ (शेअर बाजारात विकला जाणारा, चांदीत पैसा ठेवणारा फंड) यांपैकी कोणते रूप घ्यावे आणि ते कसे घ्यावे, एवढ्यापुरतेच येथे लिहिले आहे. माझे मत आरंभीच सांगतो: चांदीचे रूप खरेदीच्या दिवसाकडे पाहून नव्हे, तर विक्रीच्या दिवसाकडे पाहून ठरवावे. दुकानातून बाहेर पडताना प्रत्येक रूप सारखेच चमकते; मोडायला नेल्यावर मात्र एकाचे शंभरातले त्र्याण्णव हाती येतात, तर दुसऱ्याचे साठही येत नाहीत.

पायरी पहिली: पैसा किती काळ लागणार नाही, ते ठरवा

चांदी सोन्यापेक्षा कितीतरी अधिक हेलकावे खाते, कारण तिची निम्म्याहून अधिक मागणी सौर पॅनेल, विजेची उपकरणे, इलेक्ट्रॉनिक्स अशा उद्योगांकडून येते आणि बाजार सोन्याच्या मानाने लहान आहे. १९८० च्या जानेवारीत अमेरिकेतील हंट बंधूंच्या साठेबाजीने भाव औंसाला ५० डॉलरच्या जवळ नेला आणि मार्च संपायच्या आत तो ११ डॉलरच्या खाली आला. एप्रिल २०११ मध्ये भारतात चांदी किलोमागे ७० हजारांच्या पुढे गेली. त्या वेळी घेतलेल्यांना तो आकडा पुन्हा पाहण्यासाठी २०२० चा ऑगस्ट उजाडेपर्यंत थांबावे लागले, आणि त्याच वर्षीच्या मार्चमध्ये तर भाव त्याच्या निम्म्यावर उतरला होता. ऑक्टोबर २०२५ मध्ये चांदीने ५० डॉलरचा टप्पा ओलांडला, तेव्हा ‘आता मागे वळून पाहणार नाही’ असे सांगणारे पुष्कळ भेटले. तसे सांगणारे २०११ सालीही होते.

म्हणून मुलीच्या लग्नासाठी दोन वर्षांत लागणारी रक्कम, पुढच्या हंगामाच्या बियाणे-खतांचे पैसे किंवा सोसायटीच्या कर्जाचा हप्ता चांदीत अडकवू नये. निदान पाच-सात वर्षे ज्याला हात लावावा लागणार नाही, एवढाच पैसा इकडे वळवावा. त्यानंतर स्वतःला एक प्रश्न स्पष्टपणे विचारावा: ही चांदी मला शेवटी विकून रुपये करायची आहे, अडीनडीला गहाण ठेवता यावी म्हणून हवी आहे, की घरात वापरायची व पुढच्या पिढीला द्यायची आहे? या तीन हेतूंसाठी तीन वेगळी रूपे योग्य ठरतात. बहुतेकांची फसगत होते ती एका हेतूने घेऊन दुसऱ्यासाठी वापरू पाहिल्यामुळे.

पायरी दुसरी: खरेदी आणि मोड यांतील अंतर मोजा

हिशेब सोपा पडावा म्हणून शुद्ध चांदीचा भाव ग्रॅमला १०० रुपये धरू. प्रत्यक्ष भाव कितीही असला तरी प्रमाण तेच राहते. समजा, एकाने ९९९ शुद्धतेची (हजारात ९९९ भाग चांदी) २५० ग्रॅमची वीट घेतली. चांदीचे २५,००० रुपये, त्यावर रिफायनरी आणि दुकानदार यांचा मिळून २ टक्के अधिभार म्हणजे ५०० रुपये, आणि या २५,५०० वर ३ टक्के जीएसटी म्हणजे ७६५ रुपये. एकूण खर्च २६,२६५ रुपये झाला. तीच वीट भाव न बदलता २ टक्के कमी दराने विकली, तर २४,५०० रुपये मिळतात. म्हणजे चांदी साधारण ७ टक्के वाढली की मुद्दल सुटते.

आता दुसऱ्याने त्याच दिवशी २५० ग्रॅमचे पैंजण घेतले. पारंपरिक पैंजणांचा टंच (शंभरात शुद्ध चांदी किती, तो आकडा) ७० असणे मुळीच नवलाचे नाही, म्हणजे त्यात शुद्ध चांदी १७५ ग्रॅमच. पुष्कळ किरकोळ दुकानांत मात्र पूर्ण २५० ग्रॅमला चालू भाव लावला जातो: २५,००० रुपये, वर ग्रॅमला १५ रुपये मजुरी म्हणजे ३,७५० रुपये, आणि एकूण रकमेवर जीएसटी ३ टक्क्यांनी धरला तरी बिल २९,६१२ रुपयांच्या पुढे जाते. मोडताना सराफ टंच काढतो आणि १७५ ग्रॅमचेच पैसे देतो, म्हणजे १७,५०० रुपये. त्यातूनही आटणीची, म्हणजे वितळवताना होणारी, घट वजा होते. या गृहस्थाला मुद्दल परत मिळण्यासाठी चांदी जवळजवळ ७० टक्के वाढावी लागेल.

येथे दुकानदाराने लबाडी केली असेही म्हणता येत नाही. कारागिराची मजुरी खरी असते, मिश्रधातूशिवाय पैंजण टिकत नाहीत आणि पायात वाजणाऱ्या घुंगरांचे मोल वेगळेच असते. चूक एवढीच, की अंगावर घालायच्या वस्तूला आपण गुंतवणुकीच्या वहीत लिहितो.

कोणतीही वस्तू घेण्यापूर्वी दुकानदाराला एकच प्रश्न विचारावा: ‘हीच वस्तू मी आज संध्याकाळी परत आणली, तर काय भावाने घ्याल?’ शहापूरच्या सराफ गल्लीत, निपाणीत किंवा गावच्या ओळखीच्या पेढीवर, दोन-तीन ठिकाणी हा प्रश्न विचारला, की रूपे आपोआप क्रमाने लागतात. जो सराफ याचे उत्तर टक्क्यांत आणि न अडखळता देतो, त्याच्याकडे घेणे बरे.

पायरी तिसरी: प्रत्येक रूपाची पारख

दागिन्यांविषयी वर आलेच आहे, तरी सीमाभागाच्या संदर्भात थोडे अधिक सांगणे आवश्यक आहे. चांदीच्या दागिन्यांसाठी देशभर ओळखली जाणारी हुपरी ही निपाणी आणि चिकोडी तालुक्यांच्या अगदी शेजारी, हातकणंगले तालुक्यात आहे. ‘हुपरीहून थेट आणले म्हणजे स्वस्त’ असा समज आपल्याकडे घट्ट बसलेला आहे. त्यात तथ्य एवढेच, की घाऊक व्यवहारात टंच आणि मजुरी या दोन गोष्टी वेगवेगळ्या बोलल्या जातात आणि त्यामुळे आपण नेमके कशाचे पैसे देतो ते कळते. किरकोळ दुकानात त्या एकाच दरात मिसळलेल्या असतात. पण मजुरी वाचली तरी टंच तोच राहतो. वाळे, चाळ, जोडवी, करदोडा हुपरीचे घ्यावेत ते त्यांच्या घडणीसाठी. मोडीचा भाव तेथेही शुद्ध वजनाचाच मिळतो.

ताटे, वाट्या, समया, तांब्या, निरांजन यांचे गणित दागिन्यांपेक्षा थोडे बरे असते, कारण वजनाच्या मानाने मजुरी कमी पडते आणि चांगल्या पेढ्यांत शुद्धता सांगून दिली जाते. पोकळ आणि भरीव यांतला फरक मात्र पाहावा. समईच्या बुडात किंवा मूर्तीच्या पोटात लाख वा अन्य भरण असेल, तर ते वजनात धरलेले नाही, असे बिलावर लिहून घ्यावे.

जुन्या रुपयांचा विषय आपल्याकडे हटकून निघतो. पेटीच्या तळाशी राणीछाप किंवा राजाछाप रुपये असलेली घरे अजूनही आहेत. व्हिक्टोरिया राणी, सातवा एडवर्ड आणि पाचवा जॉर्ज यांच्या काळचा रुपया ११.६६ ग्रॅम वजनाचा आणि ९१.७ टक्के चांदीचा होता. १९४० पासून चांदीचे प्रमाण निम्म्यावर आणले गेले आणि १९४७ चा रुपया निकेलचा निघाला. त्यामुळे ‘सगळे जुने रुपये चांदीचे’ हे खरे नाही. नाण्यावरील साल वाचूनच मोल ठरते. घरात वारशाने आलेले असतील तर ते जपावेत, घासूनपुसून चकचकीत करू नयेत, कारण संग्राहक मूळ पृष्ठभागाचे पैसे देतो. गुंतवणूक म्हणून मात्र असे रुपये आठवडी बाजारात किंवा अनोळखी माणसाकडून विकत घेऊ नयेत. यांच्या नकला मुबलक आहेत आणि त्या हुबेहूब असतात.

नवी नाणी, म्हणजे लक्ष्मी-गणपतीची छाप असलेली ५, १०, २० ग्रॅमची, धनत्रयोदशीला आणि अक्षय्य तृतीयेला भेट म्हणून उत्तम. पण नाणे जितके लहान, तितका छपाई आणि पॅकिंगचा ग्रॅममागचा खर्च मोठा. दहा ग्रॅमची दहा नाणी घेण्यापेक्षा शंभर ग्रॅमची एक पट्टी नेहमीच स्वस्त पडते. बँकेतून नाणे घ्यायचे असेल तर एक गोष्ट ध्यानात ठेवावी: विकणारी बँक ते परत विकत घेत नाही, शेवटी सराफाकडेच जावे लागते.

प्रत्यक्ष धातू हवा असणाऱ्याने वीटच घ्यावी, असे मी निःसंकोचपणे सांगेन. १०० ग्रॅम, २५० ग्रॅम, ५०० ग्रॅम आणि १ किलो ही वजने सहज मिळतात. किलोची वीट ग्रॅममागे सर्वांत स्वस्त पडते; परंतु अडचणीत तिचा तुकडा तोडून विकता येत नाही. ज्याला अर्धा किलो घ्यायची आहे त्याने शंभराच्या पाच पट्ट्या घ्याव्यात, ज्याला तीन किलो घ्यायची आहे त्याने दोन विटा किलोच्या आणि उरलेली लहान पट्ट्यांत घ्यावी. थोडा अधिक खर्च होतो, पण विकण्याची मोकळीक राहते. विटेवर रिफायनरीचे नाव, वजन, शुद्धता (९९९ किंवा ९९९.९) आणि अनुक्रमांक ठसवलेला असावा. एमएमटीसी-पॅम्प किंवा हिंदुस्तान झिंक यांसारख्या नावाजलेल्या उत्पादकाच्या विटेला परक्या शहरातही लवकर गिऱ्हाईक मिळते. स्थानिक आटणीत ओतलेली, केवळ पेढीची छाप असलेली लगड थोडी स्वस्त मिळते, पण त्या पेढीबाहेर गेली की तिचा टंच पुन्हा काढला जातो आणि त्याचा खर्च व घट आपल्या माथी येते.

कागदावरच्या, म्हणजे ईटीएफच्या चांदीचा विचार आता पुष्कळांनी करावा. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने नोव्हेंबर २०२१ मध्ये नियम ठरवले आणि जानेवारी २०२२ मध्ये देशातला पहिला चांदीचा ईटीएफ आला. फंडाने निदान ९५ टक्के पैसा चांदीत किंवा चांदीशी निगडित साधनांत ठेवावा, चांदी ९९.९ टक्के शुद्धतेची आणि लंडन बाजाराच्या मान्यतेच्या ३० किलोच्या विटांची असावी, असा दंडक आहे. युनिट घेताना ३ टक्के जीएसटी पडत नाही, टंचाचा वाद नाही, लॉकर नाही, आणि बऱ्याच ईटीएफचे एक युनिट साधारण एक ग्रॅमच्या मोलाचे असल्याने मजूर माणसालाही घेता येते. फंडाचा वार्षिक खर्च, दलाली आणि डीमॅट खात्याचे (युनिटे ज्यात जमा राहतात त्या खात्याचे) शुल्क एवढाच भार असतो. डीमॅट नको असेल त्याच्यासाठी चांदीच्या ईटीएफमध्ये पैसे गुंतवणारे ‘फंड ऑफ फंड’ आहेत, त्यांत दरमहा एसआयपी करता येते. खर्च किंचित अधिक पडतो.

सोन्यासाठी सरकारने रोखे काढले होते, तसे चांदीसाठी काही नाही. कोणी ‘सरकारी चांदी बाँड’ विकायला आला, तर त्याला दारातूनच वाटेला लावावे. मोबाइलवरील ‘डिजिटल चांदी’ सेबीच्या कक्षेबाहेर आहे, तिच्यावर जीएसटी पडतो, शिवाय खरेदी-विक्रीच्या भावांत मोठे अंतर असते. तीच सोय ईटीएफ अधिक सुरक्षितपणे देतो. वायदे बाजारात ३० किलो, ५ किलो आणि १ किलोचे सौदे चालतात, पण ती गुंतवणूक नव्हे. थोड्या मार्जिनवर, म्हणजे आगाऊ भरलेल्या रकमेवर, मोठा सौदा उचलला जातो आणि एका वाईट दिवसात मार्जिन साफ होते. सराफांच्या अकरा हप्त्यांच्या भिशीत एक-दोन अटी वाचून घ्याव्यात: शेवटी वीट देतात की केवळ दागिनाच घ्यावा लागतो, आणि भाव हप्त्याच्या दिवशीचा की शेवटच्या दिवशीचा. बहुतेक योजना दागिन्यापाशीच येऊन थांबतात, मग वरचे पैंजणांचे गणित लागू होते.

पायरी चौथी: दुकानातील व्यवहार

सकाळी निघण्यापूर्वी त्या दिवसाचा भाव दोन ठिकाणी पाहावा: इंडिया बुलियन अँड ज्वेलर्स असोसिएशन जाहीर करते तो आणि वायदे बाजारातला. असोसिएशनचा भाव जीएसटीविना असतो, त्यामुळे दुकानातला भाव ऐकताना ‘जीएसटीसह की वेगळा?’ हे आधी विचारावे. आपल्याकडे अजूनही बोलणे भार-तोळ्यांत होते आणि येथे गोंधळ उडतो: जुना तोळा ११.६६४ ग्रॅमचा, तर आजच्या पेढीवरचा तोळा वा भार दहा ग्रॅमचा धरतात. सौदा ग्रॅममध्येच करावा.

दागिना वा भांडे घेत असाल तर हॉलमार्क मागावा. चांदीसाठी तो अजून ऐच्छिक आहे, पण १ सप्टेंबर २०२५ पासून चांदीच्या वस्तूंनाही सोन्याप्रमाणे सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे ओळख क्रमांक, देण्याची व्यवस्था सुरू झाली आहे. वस्तूवर बीआयएसचे (भारतीय मानक ब्युरोचे) चिन्ह, शुद्धतेचा आकडा (९२५, ९९० इत्यादी) आणि हा क्रमांक असतो. तो ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये टाकला, की हॉलमार्क कोणत्या केंद्रात झाला, शुद्धता किती, हे तेथेच दिसते. दुकानात उभे राहूनच तपासावे. संकोच करू नये.

बिलाविषयी तडजोड नको. बिलाशिवाय घेतले तर ३ टक्के वाचतात, असे हळूच सांगणारे सीमेच्या दोन्ही बाजूंना आहेत. परंतु बिल नसेल तर वीट विकताना दुसरा सराफ चोरीच्या मालाच्या धास्तीने भाव पाडतो, प्राप्तिकरासाठी खरेदीची किंमत सिद्ध करता येत नाही आणि घरफोडी झाली तर विम्याचा दावा उभा राहत नाही. जुलै २०१७ पासून जीएसटीचा दर सर्वत्र एकच असल्याने, कोल्हापूर-हुपरीला जाऊन घेतले म्हणून कर वाचतो असेही नाही. बेळगावच्या दुकानाचा जीएसटी क्रमांक २९ ने आणि महाराष्ट्रातल्या दुकानाचा २७ ने सुरू होतो. समोरच्या बिलावर तो आहे की केवळ ‘अंदाजपत्रक’ लिहिलेली चिठ्ठी आहे, ते पाहावे. बिलात वजन, शुद्धता, दर, मजुरी वा अधिभार, जीएसटी आणि विटेचा अनुक्रमांक वेगवेगळा लिहिलेला हवा. कन्नड किंवा इंग्रजी बिल वाचायला अडचण वाटत असेल, तर हे तपशील दुकानातच कोणाकडून तरी वाचून घ्यावेत. एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून अधिक रोख घेणे दुकानदाराला कायद्याने वर्ज्य आहे, आणि दोन लाखांवरील खरेदीला पॅन लागतो. तेव्हा पैसे बँकेतूनच द्यावेत. चांदी घेऊन महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरचा कोगनोळी नाका ओलांडताना मूळ बिल सोबत असावे, निवडणुकीच्या आचारसंहितेच्या काळात तर विशेषच, कारण तेव्हा नाक्यावर गाड्यांची कसून तपासणी होते.

पायरी पाचवी: घरच्या घरी एक खात्रीची चाचणी

दुकानातले एक्स-रे यंत्र पृष्ठभागाची शुद्धता सांगते; जाड मुलाम्याच्या आत काय दडले आहे, ते त्याला दिसत नाही. चुंबकाने लोखंड पकडले जाते, पण तांबे, पितळ किंवा शिसे पकडले जात नाही. यावर पाण्याची चाचणी चांगली आहे आणि तिला ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा काटा पुरतो.

काट्यावर पाण्याने अर्धा भरलेला पेला ठेवून आकडा शून्य करावा. विटेला बारीक दोरा बांधून ती पाण्यात पूर्ण बुडेल, पण तळाला वा काठाला टेकणार नाही, अशी हाताने अधांतरी धरावी. काट्यावर जो आकडा येईल, त्याने विटेच्या कोरड्या वजनाला भागावे. शुद्ध चांदीसाठी उत्तर १०.५ च्या आसपास यायला हवे. म्हणजे १०० ग्रॅमच्या पट्टीला काट्यावर साधारण ९.५ दिसले पाहिजे. जर्मन सिल्व्हर (चांदीसारखा दिसणारा, पण चांदी नसलेला मिश्रधातू) असेल तर काट्यावरचा आकडा ११ च्या पुढे जातो, शिशाचे असेल तर ९ च्या खाली उतरतो. पट्टीला बुडबुडे चिकटले असतील तर हलकेच झटकून पुन्हा पाहावे. ९९९ आणि ९२५ यांतला सूक्ष्म फरक या चाचणीने खात्रीने कळत नाही, कारण ९२५ चा आकडाही ९.६ च्या जवळच येतो. मात्र वस्तू निव्वळ नकली असेल तर ती येथे उघडी पडते. सीलबंद पॅकमधील पट्टी यासाठी फोडू नये, कारण सील शाबूत असेल तर मोडीचा भाव बरा मिळतो.

पायरी सहावी: ईटीएफ घेताना

डीमॅट खाते उघडताना सीमाभागातल्या माणसाला बहुधा एकच अडथळा येतो: आधारवरचे नाव एका पद्धतीने लिहिलेले, पॅनवर दुसऱ्या पद्धतीने आणि बँकेत तिसऱ्या. कुठे वडिलांचे नाव आद्याक्षरात, कुठे आडनाव आधी. अर्ज भरण्यापूर्वी पॅन आणि आधार एकसारखे करून घ्यावेत आणि वारसदाराचे नाव तेव्हाच नोंदवावे.

ईटीएफ शेअर बाजारात विकला जातो, म्हणून त्याचा बाजारभाव आणि आतल्या चांदीचे मोल नेहमी जुळतीलच असे नाही. २०२५ च्या दिवाळीपूर्वी देशात प्रत्यक्ष चांदीचा तुटवडा पडला, ईटीएफचे भाव त्यांच्या मोलापेक्षा बरेच वर गेले आणि कोटक, यूटीआय, एसबीआय यांसारख्या फंड घराण्यांनी आपल्या चांदीच्या फंड ऑफ फंडमध्ये एकरकमी पैसे घेणे काही काळ थांबवले. ज्यांनी त्या दिवसांत घाईने युनिटे घेतली, त्यांनी चांदीबरोबर तुटवड्याचाही भाव मोजला. म्हणून खरेदीपूर्वी फंडाच्या संकेतस्थळावर चालू क्षणाचे मोल, म्हणजे आय-एनएव्ही, पाहावे. बाजारभाव त्यापेक्षा एक टक्क्याहून अधिक असेल तर थांबावे, आणि ऑर्डर नेहमी आपण ठरवलेल्या दराची, म्हणजे लिमिटची टाकावी. ज्या ईटीएफमध्ये रोजची उलाढाल मोठी आहे, तोच निवडावा. एकदम रक्कम टाकण्यापेक्षा बारा-अठरा महिन्यांत विभागून घेणे चांदीच्या स्वभावाला अधिक मानवते. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात आयातशुल्क १५ वरून ६ टक्क्यांवर आले, तेव्हा भाव एका दिवसात कोसळला. असा निर्णय केव्हा होईल, ते आधी कोणालाच कळत नाही.

पायरी सातवी: सांभाळ

किलोभर चांदी जेमतेम मोबाइलएवढी जागा घेते, पण तेवढ्याच रकमेच्या सोन्यापेक्षा ती कित्येक पटींनी जड आणि मोठी असते. चांदी वाढत गेली, की लॉकरमधील जागेचाही विचार करावा लागतो. बँकेत आग, चोरी किंवा कर्मचाऱ्याची अफरातफर झाल्यास बँकेची जबाबदारी लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभर पटींपुरतीच असते, आणि हे नागरी सहकारी बँकांनाही लागू आहे. तेव्हा भाडे किती आणि आत ठेवणार किती, याचा मेळ घालावा.

चांदी काळी पडते ती हवेतील गंधकामुळे. खानापूरकडच्या पावसाळ्यात दमट हवेने ही क्रिया वेगाने होते. पट्ट्या हवाबंद प्लास्टिकच्या पिशवीत, सोबत सिलिका जेलची पुडी टाकून ठेवाव्यात. रबर बँड कधीही लावू नये, कारण रबरात गंधक असते आणि त्याची काळी रेघ उमटते. वीट काळवंडली तरी वजन वा शुद्धता घटत नाही, म्हणून ती घासण्याची आवश्यकता नाही.

पायरी आठवी: गहाण आणि विक्री

शेतकरी कुटुंबासाठी हा मुद्दा महत्त्वाचा आहे आणि तो बहुतेक ठिकाणी वगळला जातो. रिझर्व्ह बँकेने जून २०२५ मध्ये सोने-चांदी तारण कर्जाचे नवे निर्देश काढले आणि ते अमलात आणण्यासाठी १ एप्रिल २०२६ ही मुदत दिली. त्यांनुसार चांदीचे दागिने (एका कर्जदाराचे १० किलोपर्यंत) आणि नाणी (५०० ग्रॅमपर्यंत) तारण घेता येतात. अडीच लाखांपर्यंतच्या कर्जाला मूल्याच्या ८५ टक्क्यांपर्यंत, पाच लाखांपर्यंत ८० टक्के आणि त्यावर ७५ टक्के रक्कम मिळू शकते. वीट आणि ईटीएफ यांवर मात्र हे कर्ज मिळत नाही. म्हणजे विक्रीसाठी सर्वांत किफायतशीर असलेले रूप गहाणासाठी निरुपयोगी आहे. ज्याला पेरणीच्या वेळी हात सैल ठेवायचा आहे, त्याने एकूण चांदीतला थोडा भाग, पाचवा हिस्सा म्हणा, ५० वा १०० ग्रॅमच्या नाण्यांत ठेवावा आणि जवळच्या बँकेत कोणती नाणी स्वीकारतात, ते खरेदीपूर्वी विचारून घ्यावे.

विकताना वीट शक्यतो घेतलेल्या पेढीवरच प्रथम दाखवावी, पण आधी दुसऱ्या दोघांचा भाव विचारून जावे. टंच काढण्यासाठी चांदी आत नेऊ देऊ नये. आपल्या डोळ्यांदेखत तपासणी व्हावी आणि आटणी करावी लागली तर आधीचे व नंतरचे वजन लिहून घ्यावे. पैसे खात्यावर घ्यावेत. प्रत्यक्ष चांदी २४ महिन्यांनंतर विकली तर नफ्यावर साडेबारा टक्के दीर्घकालीन कर लागतो, महागाईची वजावट मिळत नाही. त्याआधी विकल्यास नफा आपल्या उत्पन्नात मिळवून नेहमीच्या टप्प्याने कर बसतो. शेअर बाजारात नोंदलेल्या ईटीएफसाठी ही मुदत १२ महिन्यांची, तर फंड ऑफ फंडसाठी २४ महिन्यांची आहे. आजी-आजोबांकडून आलेली चांदी विकायची असेल तर मूळ मालकाचा काळही मुदतीत धरला जातो आणि ती २००१ पूर्वीची असल्यास १ एप्रिल २००१ चे बाजारमूल्य खरेदीची किंमत म्हणून घेता येते. त्यासाठी मान्यताप्राप्त मूल्यांककाचा दाखला विक्रीपूर्वीच काढून ठेवावा, कारण वस्तू एकदा आटली की तिचे मूल्यांकन करता येत नाही.